लातूरच्या फ्रेमवाल्याकडून करवून घेतलेली व्हिक्टोरियन शिकारी कुत्र्यांची चित्रे

लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर चित्रे छापून त्यांना चौकट करून देणारे एक जुने दुकान आहे. देवादिकांच्या तसबिरी, दिवंगत आईवडिलांचे फोटो, सत्काराची मानपत्रे आणि लग्नातले मोठे फोटो हा त्यांचा नेहमीचा धंदा. अलीकडे मात्र ज्या जुन्या चित्रांवर कोणाचा हक्क उरलेला नाही, अशा चित्रांच्या मोठ्या फाइली उतरवून त्या कॅनव्हासवर किंवा जाड सुती कागदावर छापून देण्याचे कामही ते घेऊ लागले आहेत. माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी मी त्यांच्याकडून पाच चित्रे करवून घेतली आणि ती पाचही व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीतील, ब्रिटिश चित्रकारांच्या शिकारी कुत्र्यांची आहेत. काम एकंदरीत उत्तम झाले. दोन चित्रे पहिल्यांदा बिघडली होती आणि ती दुकानाने कुरकूर न करता पुन्हा छापून दिली. ती कशामुळे बिघडली हे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण अशी चित्रे मागवणाऱ्या कोणाच्याही बाबतीत तेच घडण्याचा संभव आहे.

आधी ही चित्रे का निवडली ते सांगते. कुत्र्यांची चित्रे बाजारात हवी तितकी मिळतात. टोपलीत बसलेली पिल्ले, गळ्यात रिबीन बांधलेली पिल्ले, अशी. मला काम करणारी कुत्री हवी होती. लातूर जिल्हा हा कारवानी या सडपातळ, वेगवान देशी कुत्र्यांचा मुलूख आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच ओळखले जाते आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर कारवानी कुत्रीही आवर्जून आणली जातात. माझ्याकडे येणारा शेतकरी किंवा धनगर कुत्र्याचा रंग आणि चेहरा नंतर पाहतो. छाती किती खोल आहे, कंबरेला कमान आहे की ती सपाट आहे, पंजा बंद आहे की पसरट, हे त्याच्या नजरेला आधी दिसते. व्हिक्टोरियन चित्रकारांचे गिऱ्हाईकही असेच पारखी होते. आपल्या कुत्र्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असलेल्या जमीनदाराला आणि शिकारी कुत्र्यांच्या तांड्याच्या मालकाला खांदा चुकलेले चित्र चालत नसे. म्हणून ही चित्रे भिंत सजवण्यापलीकडे जातात. ती कुत्र्याच्या शरीराची, त्याच्या कामाच्या अंगाने केलेली बारकाईची नोंद आहेत. छपाईत ती नोंद टिकली तर चित्र टिकले, आणि ती पुसली गेली तर रंग कितीही झळाळले तरी पैसे वाया गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले चित्र एडविन लँडसीअर यांचे ‘डिग्निटी अँड इम्प्युडन्स’. हे १८३९ सालचे, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर दोनच वर्षांनी काढलेले चित्र सध्या लंडनच्या टेट संग्रहात आहे. कुत्र्याच्या लाकडी घराच्या दारात एक प्रचंड ब्लडहाउंड, म्हणजे वासावरून माग काढणारा कुत्रा, बसला आहे, त्याचा पुढचा एक पंजा उंबऱ्यावरून खाली लोंबतो आहे आणि त्याच्या शेजारून एक छोटा पांढुरका टेरियर डोके बाहेर काढून पाहतो आहे. मोठ्याचे नाव ग्राफ्टन, छोट्याचे स्क्रॅच. दोन्ही कुत्री जेकब बेल या औषधी व्यावसायिकाची होती आणि त्यांनीच हे चित्र मृत्युपत्राने राष्ट्राला दिले. लँडसीअर यांनी तरुणपणी मेलेल्या जनावरांची चिरफाड करून शरीररचनेचा अभ्यास केला होता आणि तो इथे दिसतो. ब्लडहाउंडच्या कपाळावरची कातडी सैल असून पुढे झुकून भुवयांवर घडीने बसली आहे, खालची पापणी ओघळून डोळ्याची तांबूस कड उघडी पडली आहे आणि कान जबड्याच्याही खाली उतरले आहेत. खालच्या पापणीची ती तांबूस कड आजच्या ब्लडहाउंडमध्ये डोळ्याच्या दुखण्याचे कारण होते, म्हणून माझी नजर तिथेच आधी गेली.

आणि नेमके तिथेच पहिली छपाई फसली. संगणकावर बसणाऱ्या मुलाने फाइल उघडल्याबरोबर सवयीप्रमाणे ती उजळ केली होती. “फार काळं दिसतंय मॅडम, भिंतीवर काहीच दिसणार नाही,” असे त्याचे म्हणणे होते आणि लग्नाच्या फोटोंसाठी ते बरोबरही असते. पण या चित्रात कुत्र्यांच्या मागचा अंधार हाच चित्राचा अर्धा जीव आहे. तो उजळल्यावर मागे भुरकट राखाडी पडदा तयार झाला, ब्लडहाउंडच्या कपाळावरच्या घड्या सपाट झाल्या आणि डोळ्याची तांबूस कड नारिंगी होऊन रंग लावल्यासारखी दिसू लागली. मी मूळ फाइल त्यांच्या पडद्यावर शेजारी उघडून दाखवली, तेव्हा मालकांनी वाद न घालता कॅनव्हास बाजूला काढला आणि फाइलला हात न लावता पुन्हा छापायला सांगितले. दुसऱ्या प्रतीत अंधार अंधारच राहिला आहे आणि त्यातून ग्राफ्टनचे डोके हळूहळू पुढे येते. चित्र वाजवी अंतरावरून पाहिले तर मागच्या काळोखात लाकडाचा काठही ओळखता येतो. ही प्रत पाचांत सर्वांत चांगली आहे.

लँडसीअर यांचेच दुसरे चित्र ‘ईऑस’ १८४१ चे आहे. ईऑस ही प्रिन्स अल्बर्ट यांनी जर्मनीहून आणलेली काळी ग्रेहाउंड, म्हणजे वेगासाठी ओळखल्या जाणाऱ्या सडपातळ जातीची, कुत्री होती. राणीने हे चित्र करवून घेऊन त्याच वर्षी नाताळात नवऱ्याला भेट दिले आणि ते आजही राजघराण्याच्या संग्रहात आहे. कुत्री बाजूने उभी आहे, समोर हरिणाच्या कातड्याच्या बैठकीवर मालकाची उंच टोपी आणि हातमोजे ठेवले आहेत, आणि मालक येण्याची ती वाट पाहते आहे. काळ्या कुत्र्याचे चित्र काढणे अवघड आणि छापणे त्याहून अवघड. बरगड्यांवरचा, मांडीवरचा आणि मानेवरचा उजेड जरा जरी कमीजास्त झाला तर कुत्र्याच्या जागी काळ्या कागदाचा कापलेला आकार उरतो. इथे दुकानाचा दोष नाही, पण प्रत मध्यमच निघाली, कारण मिळालेली फाइल लहान होती. मी वीस बाय तीस इंचांचा आग्रह धरला असता तर चित्र पार पुसट झाले असते. मालकांनी स्वतःहून सांगितले, “मॅडम, ही फाइल बारा बाय सोळाच्या पुढे नेऊ नका, फाटेल,” आणि ते अगदी खरे होते. लहान आकारात बरगड्यांचे उंचवटे, पोटाचा वर ओढलेला घेर आणि मांडीचा लांब स्नायू हे सगळे वाचता येते. गिऱ्हाइकाला मोठे चित्र विकून जास्त पैसे घेण्याऐवजी त्याला थांबवणारा दुकानदार मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

तिसऱ्या चित्रावर मला जास्त लिहायचे आहे. रिचर्ड अन्सडेल हे लिव्हरपूलचे चित्रकार. तिथून जवळच असलेल्या ऑल्टकारच्या मैदानात १८३६ पासून वॉटर्लू कप ही ग्रेहाउंडांची स्पर्धा भरत असे आणि १८४० च्या मेळाव्याचे मोठे चित्र अन्सडेल यांनी रंगवले. त्या चित्रावरून पत्र्यावर कोरून छापलेल्या कृष्णधवल प्रती पुढे घरोघरी गेल्या. मी घेतली ती तशा प्रतीची. या स्पर्धेत ‘स्लिपर’ म्हणून नेमलेला माणूस दोन कुत्र्यांना एकाच वेळी पट्ट्यातून मोकळे करी, सशाला आधी काही अंतर पुढे जाऊ दिले जाई, आणि कोणत्या कुत्र्याने ससा मारला यापेक्षा कोणी जास्त वेग दाखवला, कोणी सशाला किती वेळा वळवले, यावर गुण मिळत. मास्टर मॅकग्रा या आयरिश कुत्र्याने १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा हा कप जिंकला आणि त्याला राणीसमोर नेण्यात आले. जिवंत सशामागे कुत्री सोडण्याचा हा खेळ इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झाला आणि वॉटर्लू कपची शेवटची स्पर्धा २००५ मध्ये झाली.

या प्रकारच्या दौडीच्या चित्रांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या चित्रांत घोडा नेहमी पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत तरंगताना दाखवलेला असतो. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले आणि हे चूक असल्याचे सिद्ध झाले. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नाही. तेव्हापासून जुन्या चित्रकारांना हसण्याची पद्धत पडली आहे. पण ग्रेहाउंडच्या बाबतीत तीच मांडणी खोटी ठरत नाही. ग्रेहाउंड आणि त्याच्या जातकुळीची सगळी कुत्री एका ढांगेत दोनदा हवेत असतात: एकदा चारही पाय पोटाखाली एकमेकांना ओलांडून गोळा झालेले असताना, आणि दुसऱ्यांदा शरीर पूर्ण पसरून पाय पुढेमागे ताणलेले असताना. त्यांचा कणा लवचीक असतो, कंबर वाकते आणि सुटते, आणि त्या सुटण्यातून वेग मिळतो. आमच्याकडचा कारवानी नांगरलेल्या रानात सुटला की हे उघड्या डोळ्यांनी दिसते. दुकानात समोरच्या भिंतीवर टांगलेल्या खंडोबाच्या तसबिरीतही घोड्याच्या पायाशी झेपावणारा कुत्रा असाच पसरलेला आहे; तो काढणाऱ्यानेही कुत्र्याला धावताना पाहिलेले असणार. ज्याला घरात एकच चित्र लावायचे आहे आणि ज्याने कारवानी पाळला आहे त्याने ग्रेहाउंडांचेच चित्र घ्यावे.

छपाईच्या दृष्टीनेही हे कृष्णधवल चित्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे ठरले. त्यात रंगांचा गोंधळ होत नाही, उजळपणाच्या फंदात कोणी पडत नाही, आणि सुती कागदावर बारीक छटा इतक्या स्वच्छ उतरतात की भिंग लावून पाहिले तरी कुत्र्याच्या टाचेवरचा सांधा ओळखू येतो. व्हिक्टोरियन काळात सामान्य माणसाच्या घरात ही चित्रे पोहोचली ती अशाच छापील प्रतींतून. लँडसीअर यांची कीर्ती घराघरांत पसरवण्यात त्यांचे बंधू टॉमस यांनी कोरलेल्या प्रतींचा मोठा वाटा होता. तेव्हा कागदावरची कृष्णधवल प्रत घेणे म्हणजे दुय्यम वस्तू घेणे, असे कोणी समजू नये.

चौथे चित्र जॉर्ज अर्ल यांचे ‘गोइंग नॉर्थ’, १८९३. मूळ चित्र ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहातले आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाच्या फलाटावर बंदुकींच्या पेट्या, गाठोडी, बायामाणसे आणि दोरीला बांधलेली कुत्री यांची एकच गर्दी उसळली आहे, कारण १२ ऑगस्टला स्कॉटलंडच्या डोंगरांत ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. या चित्राची जोडी म्हणून त्यांनी दोन वर्षांनी परतीचे ‘कमिंग साउथ’ काढले, त्यात पर्थचे स्थानक आहे. अर्ल स्वतः कुत्र्यांचे जाणकार होते. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब ही कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत त्यांचे नाव आहे. त्यांची मुलगी मॉड अर्ल हीही पुढे कुत्र्यांची नामांकित चित्रकार झाली आणि वडिलांनी तिला आधी सांगाडे काढायला लावले होते.

फलाटावरच्या पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांकडे पाहताना त्यांचे काम आठवले की चित्र जास्त कळते. पॉइंटर वासावर जातो आणि पक्षी जवळ असल्याचे समजताच एक पाय उचलून, शेपूट ताठ करून जागीच गोठतो. सेटर त्याच वेळी जमिनीशी दबतो. पूर्वी त्याच्यावरून पक्ष्यांवर जाळे ओढले जाई, म्हणून ती सवय त्याच्या रक्तात उतरली. नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुका होत्या तोवर बार झाल्यावर पुन्हा ठासायला वेळ लागे आणि तोवर कुत्र्याने दबून राहणे आवश्यक असे. मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, माणसे लावून पक्षी हाकण्याची पद्धत वाढली, आणि मग पक्षी शोधणाऱ्या कुत्र्यापेक्षा पडलेला पक्षी अलगद उचलून आणणाऱ्या रिट्रीव्हरला जास्त मागणी आली. बंदूक बदलली तसा कुत्रा बदलला आणि कुत्र्याबरोबर चित्रही बदलले.

दुसरा बिघाड या चित्रात झाला. दुकानातल्या तयार चौकटी वीस बाय तीस इंचांच्या आणि हे चित्र त्या प्रमाणापेक्षा बरेच लांबट. मुलाने दोन्ही कडा छाटून ते चौकटीत ‘बसवले’ आणि त्यात कडेचे एक कुत्रे अर्धे कापले गेले. गर्दीच्या चित्रात कडेचे अर्धे कुत्रे म्हणजे किरकोळ गोष्ट असे त्याला वाटले, पण याच चित्रकाराने कडेपर्यंत काळजी घेतलेली आहे आणि तिथली कुत्रीही मधल्यांइतकीच नीट काढलेली आहेत. मालकांनी चूक मान्य केली आणि चित्राच्या मापाची चौकटीची पट्टी वेगळी कापून दिली. जादा पट्टीचे पैसे त्यांनी घेतले, ते रास्तच होते. या चित्रात एवढी बारीक माणसे आणि सामान आहे की ते किमान तीस इंच रुंदीचे असल्याशिवाय घेऊ नये.

पाचवे चित्र जॉन एम्स यांचे फॉक्सहाउंडांचे, म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीच्या कुत्र्यांचे आहे. एम्स तरुणपणी चित्रकार फ्रेडरिक लेटन यांचे मदतनीस म्हणून दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात आले आणि पुढे तिथल्याच लिंडहर्स्ट गावात राहिले. केनेलच्या, म्हणजे कुत्र्यांच्या घराच्या, फळीवर गवत पसरून झोपलेली, एकमेकांवर रेललेली कुत्री आणि त्यांच्यात घुसलेला एखादा टेरियर ही त्यांची हातखंडा रचना. लँडसीअर प्रत्येक केस मऊ करून दाखवतात. एम्स मात्र जाड ब्रशचे मोकळे फटकारे मारतात आणि दोन पावले मागे सरल्यावर तेच फटकारे खांदा आणि बरगडी होतात. कॅनव्हासवरच्या छपाईत हे फटकारे फार देखणे उतरले आहेत.

या चित्रात मला एक गोष्ट जवळून दाखवाविशी वाटते. त्या काळच्या फॉक्सहाउंडांच्या चित्रांत कानाचा खालचा काठ पुष्कळदा गोल कापलेला दिसतो. काटेरी कुंपणातून पळताना कान फाटू नयेत म्हणून पिल्लांचे कान असे कातरण्याची रीत होती. पशुवैद्य म्हणून मला ती क्रूर वाटते, पण चित्रकाराने ती लपवली नाही हे योग्य झाले. दुसरी गोष्ट पंजांची. मांजरासारखा गोल, घट्ट पंजा फॉक्सहाउंडमध्ये फार वाखाणला जाई आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या हौसेपायी जाड हाडांची, जड, पुढच्या पायांच्या सांध्यात पुढे झुकलेली कुत्री तयार होऊ लागली. प्रदर्शनात ती देखणी ठरली, धावण्यात मागे पडली आणि पुढच्या पिढीतल्या पैदासकारांना ती चूक निस्तरावी लागली. कारवानी पाळणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण कारवान्याची किंमत कामापेक्षा दिखाव्यावर ठरू लागली की तेच इथेही होईल.

एक चित्र मी जाणीवपूर्वक घेतले नाही. लँडसीअर यांच्या १८४४ च्या ‘द ऑटर स्पिअर्ड’मध्ये शिकाऱ्याने भाल्यावर टोचलेले पाणमांजर उंच धरले आहे आणि खाली कुत्र्यांचा कालवा चालला आहे. कुत्र्यांच्या उसळत्या गर्दीची मांडणी असामान्य आहे, तरी ज्या खोलीत लोक आजारी जनावर मांडीवर घेऊन बसतात तिथे ते लावणे मला पटले नाही. शिवाय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. ससा असो की काळवीट, कारवान्याकडून तो धरवणे हा गुन्हाच आहे. मी ही चित्रे लावली ती कुत्र्याच्या शरीरासाठी, शिकारीच्या प्रचारासाठी नाही, आणि कोणी विचारले तर हे मी स्पष्ट सांगते. कारवान्याला धावायला मोकळे रान आणि राखणीचे काम दिले तर त्याचे शरीर तितकेच सुदृढ राहते.

आता चौकटींविषयी. दुकानात सागवानी आणि सिंथेटिक अशा दोन्ही पट्ट्या आहेत. सिंथेटिक पट्टीवर सोनेरी नक्षी असते आणि ती निम्म्या दरात पडते, पण लातूरच्या मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर ती वाकते, हे मी इतरत्र पाहिले आहे. मी साधी, नक्षी नसलेली सागवानी पट्टी घेतली. कागदावरचे चित्र पाठीमागच्या पुठ्ठ्याला गोंदाने पूर्ण चिकटवून टाकण्याची त्यांची सवय आहे. ती मी बदलायला लावली. पावसाळ्यात कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आवळतो, त्यामुळे तो फक्त वरच्या काठाला दोन ठिकाणी अडकवून खाली मोकळा सोडावा लागतो, नाहीतर त्याला लाटा येतात. हे सांगितल्यावर त्यांनी ते नीट केले आणि कारागिराला बोलावून दाखवलेही. काचेच्या बाबतीत माझे मत असे की कॅनव्हासला काच लावूच नये. गडद चित्रावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले की ब्लडहाउंडच्या जागी आपलाच चेहरा दिसतो. कागदाला काच हवीच, कारण धूळ आणि कसर यांपासून दुसरा बचाव नाही. वीस बाय तीस इंची कॅनव्हास सागवानी चौकटीसह चार हजारांच्या आसपास पडला, कागदावरची प्रत त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. लग्नसराईत काम उशिरा मिळते आणि दिलेली तारीख पाळली जात नाही, ही एक उणीव आहे.

दवाखान्यात चित्रे लागल्यापासून लोकांचे लक्ष कुठे जाते हे मी पाहते आहे. मुलांना ग्राफ्टन आणि स्क्रॅच आवडतात. मोठी माणसे मात्र ईऑससमोर थांबतात. अहमदपूरकडून आलेले एक वयस्क धनगर बाबा बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “डॉक्टर, ह्या कुत्रीचं पोट बघा की, आपल्या कारवान्यावाणीच वर ओढलंय. पर हाड जरा नाजूक हाय, आपल्या रानात टिकायची न्हाई.” ग्रेहाउंड आणि कारवानी यांच्यातला फरक त्यांनी अचूक सांगितला. बारा बाय सोळा इंचांच्या छपाईतून त्यांना हाडाची जाडी कळली, याहून मोठे प्रमाणपत्र दुकानाला देता येणार नाही.

मागवण्यापूर्वी काय विचारावे, तेही सांगते. फाइलची मापे पिक्सेलमध्ये विचारावीत. वीस बाय तीस इंचांसाठी निदान ३००० बाय ४५०० पिक्सेल हवेत आणि भिंतीजवळ जाऊन पाहण्याइतके स्वच्छ चित्र हवे असेल तर ६००० बाय ९००० हवेत. मूळ चित्राची लांबी-रुंदी लिहून न्यावी आणि त्याच प्रमाणात छापायला सांगावे. उजळ करणे, रंग गडद करणे, वरून चकचकीत लॅमिनेशन करणे या तिन्हींना आधीच नाही म्हणावे. पूर्ण छपाईआधी कुत्र्याच्या डोळ्याचा आणि पुढच्या पंजाचा भाग खऱ्या मापात छोट्या पट्टीवर छापून मागावा; मागितला तर ते देतात, आपण होऊन देत नाहीत. आणि चौकटीच्या खाली चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव व साल यांची पट्टी लावून घ्यावी. माझ्या पहिल्या चित्राखाली त्यांनी नुसते ‘शिकारी कुत्रे’ असे छापले होते, ते बदलून आता लँडसीअर, १८३९ असे केले आहे.